दोन दिनदर्शिका: वडिलांच्या निधनानंतरचे एम.एस्सी.चे वर्ष

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र विषयात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे असून ते २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात घडले. त्या वर्षी मी तिच्या तुकडीची मार्गदर्शक शिक्षिका होते, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील काही माझ्या आहेत. लेखन तिच्या संमतीने केले असून ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

विद्यार्थिनीचे घर सांगोला-मंगळवेढा पट्ट्यातील एका गावात आहे. दोन एकर डाळिंब, थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी. घरात आई-वडील, आजी आणि बारावी विज्ञान शाखेत शिकणारा धाकटा भाऊ. ती वसतिगृहात राहत होती आणि मेसचा खर्च कमवा व शिका योजनेतून भागवत होती. पहिल्या वर्षाचे सर्व ४४ क्रेडिट तिने एकाच प्रयत्नात मिळवले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची हजेरी ८४ टक्के होती.

घटना आणि पहिले पंधरा दिवस

नवरात्रात एका पहाटे वडील बागेत पाणी द्यायला गेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांचे वय ५२ होते. विद्यार्थिनी स्वारगेटवरून मिळेल त्या एसटीने निघाली आणि दुपारी पोहोचली. त्या संध्याकाळी मी तिला जो निरोप पाठवला त्यात लिहिले होते, "तू आता कॉलेजची अजिबात काळजी करू नकोस, सवडीने ये." त्या वेळी तो निरोप मला योग्य वाटला होता. पुढे जे झाले त्यात त्या एका वाक्याचा वाटा मोठा आहे, म्हणून ते येथे जसेच्या तसे दिले आहे.

सावडणे, दहावा आणि तेरावा होईपर्यंत ती गावीच होती. त्या काळात घरात माणसांचा राबता होता आणि सल्ल्यांचाही. दहाव्याच्या दिवशी दोन प्रश्न पुढे आले. पहिला असा, की सातबाऱ्यावर वारस लावताना तिने हक्कसोड द्यावी, कारण "ती काय आज ना उद्या सासरी जाणार." दुसरा असा, की तिचे लग्न वर्षाच्या आत उरकावे, नाही तर तीन वर्षे थांबावे लागते. हा समज आपल्याकडे इतका सर्वदूर आहे की तो मांडणाऱ्या चुलत्यांच्या मनात काही वाईट होते असे विद्यार्थिनी आजही म्हणत नाही. तिने दोन्ही प्रश्नांवर "परीक्षा झाल्यावर बघू" एवढेच उत्तर दिले. या उत्तराने तिला दीड महिना मिळाला, परंतु त्याचबरोबर परीक्षा हा घरच्यांच्या दृष्टीने एक अडसर ठरला आणि ती लवकर संपावी असे सर्वांना वाटू लागले.

तेराव्यानंतर ती चार दिवस पुण्याला येऊन गेली, पण दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या म्हणून पुन्हा गावी गेली. ती खऱ्या अर्थाने परतली ती ६ नोव्हेंबरला.

अडचण नेमकी कोणती होती

परतल्यावर तिने सूचनाफलकावर कमी हजेरी असणाऱ्यांच्या यादीत स्वतःचा क्रमांक पाहिला. हजेरी ६३ टक्क्यांवर आली होती आणि आवश्यक हजेरी ७५ टक्के आहे. तूट माफ करून घेण्यासाठी प्राचार्यांकडे अर्ज करता येतो, पण अर्जाची मुदत ऑक्टोबरअखेर संपली होती. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो आणि तो तिच्या हातात नव्हता. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते व ती घरच्यांनी केलीही होती, परंतु १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागल्यापासून ग्रामपंचायत आणि महसूल खात्यातील बहुतेक कर्मचारी निवडणुकीच्या कामात होते. मतदान २० नोव्हेंबरला होते. तोवर "साहेब इलेक्शन ड्यूटीवर आहेत" हेच उत्तर प्रत्येक खिडकीवर मिळत राहिले.

याच सुमारास गावाकडच्या मुदतीही धावत होत्या. वारसाची माहिती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची होती. गावच्या सहकारी सोसायटीचे २,४०,००० रुपयांचे पीककर्ज होते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच व्याजाचा भार शेतकऱ्यावर पडत नाही, त्यामुळे ती तारीख चुकवणे परवडणारे नव्हते. बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेली, फळे लागलेली होती, तेल्या रोगाची भीती होती, कोणती फवारणी कधी झाली हे फक्त वडिलांना माहीत होते आणि डिसेंबरात माल पाहायला येणाऱ्या व्यापाऱ्याशी झालेले बोलणेही तोंडीच होते. भावाची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू होणार होती.

आईला सही करता येत होती, पण बँकेत ती कधी एकटी गेलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक कागदासाठी फोन पुण्याला येई. रोज रात्री नऊ वाजता आईचा फोन आणि त्यानंतर अकरापर्यंत भावाचा अभ्यास, असा क्रम नोव्हेंबरभर चालला. अभ्यासाला ती पहाटे साडेचारला उठत असे, कारण सकाळी सात ते दहा कमवा व शिकाचे काम असे आणि साडेदहाला प्रयोगशाळा.

विभागात मात्र तिच्याकडे शोकात असलेली विद्यार्थिनी म्हणून पाहिले जात होते आणि आम्ही तिच्याशी हळू आवाजात बोलत होतो. एका कुटुंबाचा कारभार तिच्यावर आला आहे हे आमच्या ध्यानात आले ते ती प्रात्यक्षिकाच्या वेळी बाहेर जाऊन सोसायटीच्या सचिवाशी वीस मिनिटे बोलत होती तेव्हा. सहकाऱ्याने तिला त्याबद्दल टोकले. तिने माफी मागितली, कारण सांगितले नाही.

विचारात घेतलेले पर्याय

९ नोव्हेंबरला मी तिच्यासोबत दोन तास बसले. टेबलावर दोन कागद होते: एकावर विद्यापीठाच्या तारखा, दुसऱ्यावर गावाकडच्या. एवढे साधे काम महिनाभर आधी फोनवरही करता आले असते.

पहिला पर्याय होता सत्र सोडून देण्याचा. तिसरे सत्र पुढच्या वर्षी पुन्हा करायचे आणि तोवर गावी राहायचे. विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेत जमा झालेले क्रेडिट सात वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे कागदोपत्री नुकसान काहीच नव्हते. पण "वर्षाच्या आत लग्न" हा विषय घरात ताजा असताना एक वर्ष गावी राहणे म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. हा पर्याय तिने अर्ध्या मिनिटात बाजूला सारला.

दुसरा पर्याय पहिल्या वर्षाच्या ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याचा होता. नव्या शैक्षणिक धोरणात ही सोय आहे. संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याला ती दिलासा देणारी वाटते, परंतु औषधनिर्मिती कंपन्यांच्या संशोधन विभागात एम.एस्सी. विचारतात आणि पदविकेचे काय करायचे हे भरती करणाऱ्यांनाही अजून उमगलेले दिसत नाही. तिसरा पर्याय सोलापूरच्या विद्यापीठात बदली घेण्याचा. घर जवळ आले असते, पण सत्राच्या मध्यावर प्रवेश मिळणे आणि विषयांचा मेळ बसणे अवघड होते, म्हणून त्यावर फार वेळ घालवला नाही.

चौथा पर्याय सर्वच विषयांची परीक्षा देण्याचा होता आणि तिचा स्वतःचा कल त्याकडे होता. पाचवा पर्याय सत्राचे दोन भाग करण्याचा: काही विषय आता, काही एप्रिलमध्ये बॅकलॉग म्हणून.

येथे विभागात मतभेद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते की तिने लेखी विषय आता द्यावेत आणि प्रात्यक्षिक मागे ठेवावे, कारण तिच्या सहा पाळ्या बुडाल्या होत्या आणि तीन घटकांच्या मिश्रणाचे पृथक्करण सरावाशिवाय जमत नाही. माझे मत उलट होते. लेखी विषयाचा अभ्यास गोठ्याशेजारी बसूनही करता येतो, प्रात्यक्षिकाला प्रयोगशाळा लागते, रसायने लागतात आणि दार उघडणारा सहायक लागतो. ज्या विद्यार्थिनीला पुढचे चार महिने वारंवार गावी जावे लागणार आहे, तिने प्रयोगशाळेवर अवलंबून असलेले काम आधी संपवावे. तिने हे मान्य केले. बराच वेळ गप्प बसून मग मान्य केले, हेही नोंदवले पाहिजे, कारण चांगले गुण मिळवण्याची सवय असलेल्या मुलीला स्वतःहून बॅकलॉग पत्करणे सोपे नसते.

प्रत्यक्षात काय केले

हजेरीसाठी उशिरा केलेला अर्ज प्राचार्यांनी स्वीकारला, मृत्यूचा दाखला महिन्याभरात जोडण्याच्या लेखी हमीवर. बुडालेल्या सहा पाळ्यांपैकी चार पाळ्या प्रयोगशाळा सहायकांनी दोन शनिवार उघडे ठेवून भरून दिल्या. कमवा व शिकाचे तास परीक्षेपर्यंत अर्धे करून घेतले. यामुळे मेसचे पैसे कमी पडले आणि ते तिने मैत्रिणीकडून उसने घेतले. ही गोष्ट आम्हाला मार्चमध्ये कळली.

गावाकडील कामांची वाटणी तिनेच केली. भाऊ कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असल्याने त्याच्यासाठी काही ठरवायचे नव्हते, सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचे नाव येणार होते. वारस म्हणून कोण लागतात याबद्दल घरात गोंधळ होता. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबर मृताची आईही येते, म्हणजे आजीचे नावही लागणार होते, हे ऐकून चुलत्यांना आश्चर्य वाटले. महाविद्यालयातील विधी साहाय्य केंद्रात एका तासाच्या भेटीत हा मुद्दा स्पष्ट झाला. तेथेच तिला हेही सांगण्यात आले की वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावे लागते आणि त्याला कोणतीही तातडी नसते. तिने चारही नावांचा अर्ज करायला आईला सांगितले.

लग्नाचा विषय आजीने मिटवला. दिवाळीनंतर चुलत्यांनी तो पुन्हा काढला तेव्हा आजी म्हणाली, "पोरगं माझं गेलंय. मला तर कसलीच घाई नाही." त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

विम्याचा शोध योगायोगाने लागला. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून आई गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेसाठी तालुक्याला दोन खेपा घालून आली होती, परंतु ती योजना अपघाती मृत्यूसाठी आहे. तेव्हा विद्यार्थिनीने भावाला वडिलांच्या पासबुकाची सगळी पाने फोटो काढून पाठवायला सांगितली आणि मे महिन्यात ४३६ रुपये वजा झालेले तिला दिसले. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम होती. या विम्यात वयाच्या पन्नाशीपर्यंत सहभागी होता येते आणि हप्ता चालू ठेवल्यास ५५ पर्यंत संरक्षण राहते. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये मिळतात. दावा बँकेच्या शाखेमार्फतच करायचा होता. मात्र नामनिर्देशित असलेल्या आईचे जनधन खाते केवायसीअभावी बंद पडले होते. ते सुरू करायला तीन आठवडे गेले.

बागेचा प्रश्न भिंतीवरच्या दिनदर्शिकेने सोडवला. बहुतेक घरांत दुधाचा हिशेब आणि गॅसच्या टाकीची तारीख दिनदर्शिकेवर लिहितात, तसे वडील प्रत्येक फवारणीचे औषध, प्रमाण आणि कृषी सेवा केंद्राची उधारी तारखेच्या चौकोनात लिहीत असत. भावाने जूनपासूनची पाने फोटो काढून पाठवली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला औषधांची नावे वाचणे अवघड नव्हते. वडिलांचे अक्षर रोज पाहणे अवघड होते. तिने उरलेल्या फवारण्यांचे वेळापत्रक बनवले, शेजारच्या बागाईतदारांकडून तपासून घेतले आणि माल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जागेवर विकला गेला. भाव शेजाऱ्यांपेक्षा थोडा कमी मिळाला. दुकानाची उधारी दिनदर्शिकेवरील नोंदींशी ताडून पाहिल्यावर दुकानदाराने स्वतःहून काही रक्कम कमी केली.

परीक्षेत तिने प्रात्यक्षिक आणि तीन लेखी विषय दिले. प्रात्यक्षिकात उत्तम गुण मिळाले, दोन लेखी विषय सुटले आणि वर्णपटशास्त्राचा (स्पेक्ट्रोस्कोपीचा) विषय राहिला. एनएमआर या त्यातील तंत्राची गणिते रोजच्या सरावाची असतात आणि तो सराव झालेला नव्हता. म्हणजे ठरवून ठेवलेला एक आणि न ठरवता पडलेला एक, असे दोन बॅकलॉग.

फेब्रुवारी

जानेवारीअखेर वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदल, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. विम्याची रक्कम आईच्या खात्यावर आली, सोसायटी भरली गेली, भावाची परीक्षा सुरू झाली. आम्हाला वाटले की आता सर्व मार्गी लागले. विभागाच्या बैठकीत मी तसे सांगितलेही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिचे प्रयोगशाळेत येणे अनियमित झाले. चौथ्या सत्रातील सहा क्रेडिटच्या संशोधन प्रकल्पासाठी ती एका मिश्रणाचे स्तंभ वर्णलेखन (सिलिका भरलेल्या नळीतून द्रावक सोडून घटक वेगळे करणे) करत होती. एका दुपारी तिने स्तंभ लावला, द्रावक ओतले आणि ती समोर बसून राहिली. द्रावक संपले, सिलिका कोरडी पडली, स्तंभाला भेगा गेल्या आणि दोन आठवड्यांच्या मेहनतीचे संयुग वाया गेले. प्रकल्प मार्गदर्शकांनी तिला सर्वांसमोर बोल लावले. ती रडली नाही किंवा तिने काही सांगितलेही नाही; वसतिगृहात गेली आणि पाच दिवस खोलीबाहेर आली नाही. खोलीतील मैत्रिणीने मला येऊन सांगितले.

वडील गेल्यापासून चार महिने तिला कोणत्या ना कोणत्या कागदाने उभे ठेवले होते. कामे संपल्यावर रिकामी संध्याकाळ आली आणि तेव्हा वडील नसल्याचे तिच्यापर्यंत पोहोचले, असे ती स्वतः सांगते. रात्री नऊचा आईचा फोनही आता छोटा झाला होता, कारण विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

समुपदेशक महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस येत आणि पहिली वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली. मधल्या काळात मी तिला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारची ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. तिने दोनदा रात्री वसतिगृहाच्या गच्चीवरून फोन केला. प्रकल्प मार्गदर्शकांशी मी बोलले. त्यांना तिच्या घरची स्थिती ठाऊकच नव्हती, कारण ती माहिती माझ्या वहीत होती आणि मी ती कोणाला दिली नव्हती. गोपनीयता पाळली असे मी स्वतःला समजावले होते. खरे तर तिला विचारून तीन ओळी सांगता आल्या असत्या. प्रकल्पाची मुदत तीन आठवड्यांनी वाढवून दिली आणि या वेळी ती तारखेसह लेखी दिली. ती आठ दिवस घरी गेली, कोणतेही काम न घेता. आईबरोबर एक दिवस पंढरपूरला जाऊन आली. बाकी दिवस झोपली.

निष्पत्ती

प्रकल्प मे महिन्यात पूर्ण झाला. एप्रिलच्या परीक्षेत मुद्दाम मागे ठेवलेला विषय सुटला, वर्णपटशास्त्र मात्र पुन्हा राहिले आणि ते २०२५ च्या हिवाळी परीक्षेत सुटले. अंतिम गुणपत्रक त्यामुळे सहा-सात महिने उशिरा मिळाले. भाऊ बारावी उत्तीर्ण होऊन कृषी पदविकेला गेला. सातबाऱ्यावर चार नावे आहेत. हक्कसोडीचा विषय अजूनही अधूनमधून निघतो.

आमच्या योजनेची खरी किंमत जानेवारीत समोर आली होती. एका औषध कंपनीच्या कॅम्पस मुलाखतीची अट होती की उमेदवाराचा एकही विषय राहिलेला नसावा. तिचे नाव यादीतून वगळले गेले. नोव्हेंबरमधील त्या दोन तासांत आम्ही गावाकडच्या साऱ्या तारखा लिहिल्या, पण ही अट लिहिली नव्हती. ती लिहिली असती तर तिने कदाचित चारही विषय देण्याचा धोका पत्करला असता, आणि तो निर्णय चुकीचा ठरला असता असे मी खात्रीने म्हणू शकत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिला निरोप वेगळा हवा होता. "सवडीने ये" या शब्दांचा अर्थ तिने असा घेतला की हजेरीचे कोणीतरी पाहत आहे. प्रत्यक्षात कोणी पाहत नव्हते. तेराव्यापर्यंत थांबून मग एक फोन करून मुदतींची माहिती दिली असती, किंवा अर्ज तिच्या वतीने विभागानेच भरून ठेवला असता, तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा वाचला असता. शोकातील माणसाला तारखा सांगणे निष्ठुर वाटते, म्हणून आपण टाळतो. तिला ते निष्ठुर वाटले असते का, हे मी नंतर तिला विचारले. ती म्हणाली, "मॅडम, मला त्या दिवसांत कोणीतरी काहीतरी नक्की सांगावं असंच वाटत होतं."

दाखल्याची अटही तपासण्यासारखी आहे. मृत्यूची बातमी गावाला एका तासात कळते. दाखला कार्यालयाच्या सवडीने येतो. हमीपत्रावर अर्ज स्वीकारण्याची पद्धत आता आमच्या विभागापुरती रूढ झाली आहे.

समुपदेशनाची वेळ ऑक्टोबरमध्ये दिली असती तर ती आली असती असे मला वाटत नाही. तिला तेव्हा वेळच नव्हता. परंतु सर्व कामे संपण्याचा आठवडा कोणता हे आमच्या दोन कागदांवर स्पष्ट दिसत होते आणि त्या आठवड्यासमोर समुपदेशकाची वेळ आधीच लिहून ठेवता आली असती. तेथे आम्ही "सर्व पूर्ण" असे लिहिले होते.

तिने या लेखाचा मसुदा वाचून दोन दुरुस्त्या सुचवल्या. डाळिंबाचा भाव कमी का मिळाला याचे कारण मी तिच्या अननुभवाला दिले होते; तिने ते खोडून लिहिले की त्या आठवड्यात बाजारच उतरला होता. आणि वडिलांच्या वयात मी दोन वर्षांची चूक केली होती.

त्या दोन कागदांचा आम्ही पुढे एक छापील तक्ता केला. यंदा ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी काढला तेव्हा लक्षात आले की त्यात कॅम्पस मुलाखतीच्या अटीचा रकाना अजूनही नाही. तो पेनाने आखून घेतला.